अंड्याच्या कवचाला पाडलेली खिडकी

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यांच्या घरी किंवा नात्यात फुफ्फुसाच्या कर्करोगाचा रुग्ण असेल, त्यांनी तपासणीच्या कागदावर 'ईजीएफआर' ही अक्षरे पाहिली असतील. त्या अक्षरांपुढे काय लिहून आले आहे, हे पाहून रुग्णाला गोळी चालेल की केमो द्यावी लागेल, याचा विचार डॉक्टर करतात. या अक्षरांचा उगम मज्जातंतूंच्या अभ्यासात आहे, आणि मज्जातंतूंच्या त्या अभ्यासाला दिशा दिली ती उंदराच्या कर्करोगाच्या एका गाठीने. कर्करोग आणि मेंदू या संशोधनाच्या दोन वेगळ्या वाटा आपण मानतो, पण त्या एकाच घरातून निघालेल्या आहेत. आज त्या घराविषयी मला बोलायचे आहे.

हे घर इटलीतील तुरीन शहरात होते आणि तिथे रीटा लेवी-मोंताल्चिनी राहत असत. जन्म 22 एप्रिल 1909. मुलींनी महाविद्यालयात जावे, हे वडिलांना मान्य नव्हते. विसाव्या वर्षी रीटाने धीर करून त्यांच्याकडे परवानगी मागितली, राहिलेला लॅटिन, ग्रीक आणि गणिताचा अभ्यास काही महिन्यांत पुरा केला आणि 1936 साली त्या डॉक्टर झाल्या. त्यांचे गुरू जुझेप्पे लेवी. या एका गुरूच्या हाताखालून साल्वादोर लुरिया, रेनातो दुल्बेको आणि रीटा असे तीन नोबेल मानकरी घडले. गुरूचे मोठेपण मोजायला मला तरी याहून चांगले माप सुचत नाही.

1938 साली मुसोलिनीच्या सरकारने वंशभेदाचे कायदे केले आणि ज्यूंना विद्यापीठांची दारे बंद झाली. रीटा काही काळ बेल्जियममध्ये काम करून परत आल्या, त्या थेट घरात. प्रयोगशाळा नाही, पगार नाही, ग्रंथालयात पाऊल ठेवण्याची मुभा नाही. अशा वेळी त्यांनी आपल्या लहानशा शयनगृहातच प्रयोगशाळा उभी केली. भाऊ जीनो वास्तुरचनाकार होता. त्याने अंडी उबवण्यासाठी पेटी तयार करून दिली. घड्याळजीचे चिमटे आणि नेत्रवैद्याची बारीक कात्री मिळवली. चाकू म्हणून शिवणाच्या सुया घेतल्या आणि धार लावायच्या दगडावर घासून त्या इतक्या तीक्ष्ण केल्या, की इवल्याशा गर्भावर त्यांनी शस्त्रक्रिया करता यावी. आपल्या शाळांतून शिवणाचा तास गेला आणि त्याबरोबर बोटांची नजरही गेली, असे माझे ठाम मत आहे. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला सुईत दोरा ओवता आलाच पाहिजे.

आता प्रयोग ऐका. गावठी कोंबडीचे अंडे घ्यायचे. पोल्ट्रीच्या अंड्याचा उपयोग नाही, कारण तिथे कोंबडा नसतो, हे आपण जाणताच. ते तीन दिवस उबेत ठेवायचे आणि मग कवचाला नखाएवढी खिडकी पाडायची. विद्यार्थिदशेत मी अशी खिडकी स्वतः पाडून पाहिली आहे. पिवळ्या बलकावर जाळी पडलेल्या पिंपळपानासारखे लाल शिरांचे जाळे पसरलेले असते आणि त्याच्या मध्यभागी एक लाल ठिपका सारखा उडत असतो. तो ठिपका म्हणजे पिल्लाचे हृदय. ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझा हात आपोआप थांबला होता.

रीटांचा हात मात्र थांबत नसे. जिथून पुढे पंख किंवा पाय फुटायचा, तो अंकुर त्या एका बाजूने सुईने काढून टाकत, खिडकी बंद करत आणि अंडे पुन्हा उबेत ठेवत. काही दिवसांनी गर्भाचे पातळ काप काढून, त्यांवर चांदीच्या क्षाराची प्रक्रिया करून, त्या अवयवाकडे जाणाऱ्या चेतापेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजत. अंकुर काढलेल्या बाजूला चेतापेशी फारच कमी आढळत. हे अमेरिकेतील व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी 1934 सालीच दाखवले होते. अवयवच नसल्यामुळे चेतापेशी घडण्याचा इशाराच मिळत नसावा, असे त्यांचे अनुमान होते. रीटांनी रोजच्या रोज काप काढले आणि त्यांना निराळेच दिसले. चेतापेशी घडत होत्या, आपले तंतू हरवलेल्या अवयवाच्या दिशेने धाडतही होत्या, आणि मग मरत होत्या. पुन्हा सांगतो, कारण पुढचे सारे यावर उभे आहे: पेशी जन्माला येत होत्या आणि मागाहून मरत होत्या. अवयवाकडून त्यांना काहीतरी मिळायला हवे होते आणि ते मिळत नव्हते.

विद्यापीठातून बाहेर काढलेले गुरू लेवी शिष्येच्या या खोलीत येऊन तिचे मदतनीस झाले. बाहेर बॉम्ब पडू लागले, की रीटा सूक्ष्मदर्शक आणि काचपट्ट्या उराशी धरून तळघरात जात. 1942 साली तुरीनवरचे हल्ले वाढले आणि कुटुंब डोंगराळ खेड्यात हलले, तेव्हा प्रयोगशाळा एकाच खोलीच्या कोपऱ्यात आली. जेवणही त्याच खोलीत. अंडी दुर्मीळ झाली होती. रीटा सायकलवरून घरोघर फिरत आणि शेतकऱ्यांकडे 'माझ्या बाळांसाठी' अंडी मागत. जाता जाता सहज विचारत, की तुमच्याकडे कोंबडा आहे ना, कारण फलित अंडी अधिक पौष्टिक असतात. बाळे नव्हती. गर्भ काढून घेतल्यावर उरलेले अंडे घरातल्या तव्यावर जाई, कारण युद्धाच्या दिवसांत अन्न टाकून देणे कोणालाच परवडत नव्हते. इटलीतील नियतकालिके ज्यूंचे लेखन छापत नसत, म्हणून निष्कर्ष बेल्जियममध्ये छापले गेले. 1943 साली जर्मन सैन्य इटलीत शिरले आणि कुटुंबाने खोट्या नावांनी फ्लॉरेन्समध्ये आसरा घेतला. युद्ध संपल्यावर ते निबंध हॅम्बर्गर यांनी वाचले आणि ज्या संशोधिकेने आपले अनुमान खोडले होते, तिलाच त्यांनी सेंट लुईसला बोलावून घेतले. हॅम्बर्गर यांच्याविषयी मला फार आदर आहे. काही महिन्यांसाठी म्हणून 1947 साली गेलेल्या रीटा तिथे सुमारे तीस वर्षे काम करत राहिल्या.

आता गाठीकडे येतो. हॅम्बर्गर यांचे विद्यार्थी एल्मर ब्यूकर यांनी 1948 साली उंदराच्या कर्करोगाचा तुकडा कोंबडीच्या गर्भात रोवला, तेव्हा गर्भाचे मज्जातंतू त्या गाठीत घुसलेले दिसले. रीटांनी तोच प्रयोग पुढे नेला आणि गाठ गर्भाच्या बाहेर, अंड्यातल्या पडद्यावर ठेवली. गाठीचा गर्भाला स्पर्श नव्हता, तरीही तंतू बेसुमार वाढले. म्हणजे गाठीतून काहीतरी पाझरत होते आणि रक्तावाटे तंतूंपर्यंत पोहोचत होते. याची खात्री काचेच्या भांड्यात करायची, म्हणून 1952 साली गाठी असलेले दोन उंदीर सोबत घेऊन त्या विमानाने रिओ द जानेरोला हेर्था मायर यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. सुरुवातीचे प्रयत्न फसले. मग चेतापेशींचा एक पुंजका गाठीच्या तुकड्याजवळ ठेवला, आणि एका दिवसात त्याच्याभोवती सूर्याच्या किरणांसारखे तंतू फुटले.

ते द्रव्य शुद्ध करण्याचे काम जीवरसायनतज्ज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी केले. वाटेत सापाचे विष आणि उंदराची लाळग्रंथी यांत तेच द्रव्य गाठीपेक्षा कितीतरी पटींनी अधिक सापडले. त्याला 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर', म्हणजे मज्जातंतूंची वाढ करणारा घटक, असे नाव मिळाले. लाळग्रंथीचा अर्क नवजात उंदरांना टोचला असता त्यांचे डोळे वेळेआधी उघडत आणि दातही लवकर येत. हे काम दुसऱ्याच कोणत्या द्रव्याचे असले पाहिजे, हे कोहेन यांनी ओळखले आणि त्वचेच्या पेशी वाढवणारा घटक, म्हणजे ईजीएफ, वेगळा काढला. हा घटक झेलणारी जी जागा पेशीच्या आवरणावर असते, ती ईजीएफआर. काही कर्करोगांत जनुकातील दोषामुळे ही जागा, बटण अडकून राहावे तशी, सतत चालू राहते. ज्या गोळीविषयी मी सुरुवातीला बोललो, ती हे बटण बंद करते. रीटा आणि कोहेन यांना 1986 चे नोबेल पारितोषिक एकत्र मिळाले.

अशा घटकांचा शिकण्याशीही संबंध आहे, त्याविषयी थोडक्यात सांगतो. जर्मनीत 1982 साली इव्ह-आलँ बार्द आणि हान्स थोनेन यांच्या गटाने डुकराच्या मेंदूतून नर्व्ह ग्रोथ फॅक्टरच्याच कुळातला दुसरा घटक मिळवला, तो बीडीएनएफ. दीड किलो मेंदूतून जेमतेम एक मायक्रोग्रॅम हाती लागला. स्मरणासाठी आवश्यक असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात चेतापेशींमधील जोडण्या बळकट करण्यात या घटकाचा मोठा वाटा आहे. आपण पाढा पाठ करतो, तेव्हा बदलतात त्या या जोडण्या. चाकावर धावणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये बीडीएनएफचे प्रमाण वाढते, असे 1995 साली दिसून आले. दहावीचे वर्ष आले, की मुलांचे मैदान बंद करणाऱ्या पालकांना मला हा प्रयोग कळकळीने सांगावासा वाटतो, आणि मी तो सांगत असतो.

रीटा 2012 साली, वयाच्या 103 व्या वर्षी गेल्या. त्यांच्या मज्जातंतू-घटकाचे औषध आता डोळ्यांत घालण्याच्या थेंबांच्या रूपात निघाले आहे. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातील मज्जातंतू निकामी झाले, की तिथली जखम भरत नाही. अशा रुग्णांसाठी युरोपने 2017 साली आणि अमेरिकेने 2018 साली त्याला मान्यता दिली. दिवसातून सहा वेळा, असे आठ आठवडे ते थेंब घालायचे असतात.

नमस्कार.