शेणाचं घर, मेणाचं घर

मघाशी एकीने विचारलं, कथानक, निवेदक, दृष्टिकोन हे शब्द परीक्षेपुरते पाठ होतात, मग गोष्ट वाचताना ते सापडत का नाहीत? मला वाटतं, आपण ते जाडजूड पुस्तकांत शोधतो म्हणून. आज चिऊ-काऊचीच गोष्ट घेऊ. हसू नका. तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’तही ती आहे, तिथे चिमणीच्या जागी साळई, म्हणजे साळुंकी आहे, एवढंच. इतकी शतकं तोंडातोंडी टिकली म्हणजे तिची बांधणी पक्की असणार.

पाऊस आला, कावळ्याचं घर वाहून गेलं, तो चिमणीच्या दारात गेला. हा झाला घटनाक्रम. आता ‘घर शेणाचं होतं म्हणून वाहून गेलं’ असं म्हणा. त्या एका ‘म्हणून’ने कथानक उभं राहतं. शेण आणि मेण हे यमक आपण गंमत म्हणून ऐकतो, पण पुढचा सगळा अनर्थ तिथेच पेरलेला असतो.

आता दारापाशी या. ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड.’ ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे.’ पुन्हा हाक. ‘थांब, बाळाला अंगडं घालू दे.’ पुन्हा हाक. ‘थांब, तीट लावू दे.’ घडत काहीच नाही, तरी मांडीवरचं पोर श्वास रोखून बसतं! बाहेर कावळा भिजतोय आणि आत तीट लावणं चाललंय. एकाला आत यायचंय, दुसरीला दार उघडायचं नाही. संघर्षाला एवढं पुरतं, मारामारी लागत नाही. आणि चिमणी एकदाही ‘नाही’ म्हणत नाही, हे मला फार आवडतं. ती कशी आहे हे आजीने सांगितलेलं नसतं. त्या ‘थांब’मधून ते आपल्याला कळतं. पात्रचित्रण म्हणतात ते हेच.

आजी म्हणजे निवेदक. ती चिमणीच्या बाजूने बोलते की कावळ्याच्या, हा झाला दृष्टिकोन; तो शेवटावरून ओळखा. शेवट घरोघरी वेगळा. कुठे चिमणी दार उघडते, कुठे कुडकुडणाऱ्या कावळ्याला तापल्या तव्यावर बसवते. आमच्याकडे तवा होता. ऐकणाऱ्यांपैकी निम्मी पोरं टाळ्या वाजवायची, मला मात्र चिमणीचा राग यायचा.

राहिला स्थळ-काळ. तो कथेचा पडदा असतो, मागे टांगून ठेवायचा, असं पुष्कळांना वाटतं. मग हीच गोष्ट वैशाखात नेऊन बघा. शेणाचं घर उन्हाने वाळून खणखणीत होईल आणि मेणाचं वितळेल. शहाणी चिमणी पिल्लाला घेऊन कावळ्याच्या दारात उभी राहील.

पुढच्या वेळी येताना तेवढा प्रसंग लिहून आणा. कावळा आतून काय म्हणेल? न्हाऊ घालायला त्याच्याकडे बाळ नाही; सबब दुसरी शोधावी लागेल.