लाईन शोधणारं यंत्र, खांबावर चढणारा माणूस

(दृश्य : गगनबावड्याच्या वाटेवरचा पाऊस. दाट झाडीतून गेलेली 11 केव्हीची (11 हजार व्होल्टची) लाईन.)

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, चंदगड. कोल्हापूर जिल्ह्याच्या या पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात लाईट जाणं नवीन नाही. उपकेंद्रात फीडर, म्हणजे गावांकडं जाणारी वीजवाहिनी, ट्रिप होतो, आपोआप बंद पडतो. ऑपरेटर तो पुन्हा चालू करून बघतो. टिकला नाही, की लाईनमनचा फोन वाजतो.

मग सुरू होते शोधाशोध. कुठं फांदी टेकलीय, कुठं पिन इन्सुलेटर (तारेला खांबापासून अलग ठेवणारा आधार) फुटलाय, कुठं जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) सुटलाय, हे बघत लाईनीखालून चालत जायचं. ओढे ओलांडायचे, उसाच्या फडात शिरायचं, बॅटरीच्या उजेडात एकेक खांब न्याहाळायचा. दुरुस्ती कधी अर्ध्या तासाची असते, पण ती कुठं करायची हे कळायलाच रात्र सरते. तोवर गावातून फोन येतच असतात : लाईट कधी येणार?

ही शोधाशोध आता यंत्रं करू लागली आहेत.

(दृश्य : तारेवर बसवलेला फॉल्ट पॅसेज इंडिकेटर. लुकलुकणारा लाल दिवा.)

बिघाड झाला की तारेतून एकदम मोठा प्रवाह धावतो. तो या उपकरणाजवळून गेला, की त्याचा दिवा लुकलुकू लागतो. म्हणजे बिघाड इथून पुढं आहे. मागचे सगळे खांब तपासायची गरज उरत नाही. ऑटो रिक्लोजर लाईन क्षणभर बंद करून आपणहून पुन्हा जोडतो. फांदी नुसती घासून गेली असेल, तर लाईनमनला उठवावंही लागत नाही. ड्रोनवरच्या थर्मल कॅमेऱ्यात सैल पडलेला जोड तापलेला दिसतो, तो तुटायच्या आधी. आणि इन्सुलेटरचे हजारो फोटो दाखवून संगणकाला तडा ओळखायला शिकवता येतं. वीजक्षेत्रातली कृत्रिम बुद्धिमत्ता ती हीच.

मग माणसांच्या नोकऱ्यांचं काय?

पहिला फटका मीटर रीडरला बसतो, हे स्पष्ट सांगायला हवं. स्मार्ट मीटर आपलं रीडिंग आपणच पाठवतो. वीज तोडणं-जोडणंही कार्यालयात बसून करता येतं. दुसरा फटका उपकेंद्रातल्या ऑपरेटरला, कारण ब्रेकर, म्हणजे लाईन चालू-बंद करणारा मोठा स्विच, दूरच्या नियंत्रण कक्षातून चालवता येतो.

खांबावरच्या माणसाची गोष्ट मात्र वेगळी आहे.

(दृश्य : पुराच्या पाण्यात अर्धे बुडालेले विजेचे खांब. होडी.)

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 फुटांवर धोका. 2019 आणि 2021 साली तिनं ही पातळी कितीतरी फुटांनी ओलांडली. उपकेंद्रं पाण्यात गेली, रोहित्रं (ट्रान्सफॉर्मर) बुडाली, कित्येक फीडर जीवितहानी टाळण्यासाठी मुद्दाम बंद ठेवावे लागले. पाणी ओसरल्यावर रोहित्रातलं तेल तपासायचं, मेगर हे मापनयंत्र लावून इन्सुलेशन शाबूत आहे का बघायचं, मीटरपेट्यांतला गाळ काढायचा, आडवे झालेले खांब उभे करायचे. चालू लाईनवर काम करणारे रोबो जपान आणि चीनमध्ये आहेत. पण त्यांना घेऊन जाणारी गाडी उभी राहायला रस्ता लागतो. आपला खांब उसातल्या बांधावर असतो.

कोल्हापूरला स्वयंचलित यंत्रणेचं अप्रूप नाही. राधानगरी धरणाचे सात दरवाजे पाण्याच्या दाबानं आपणहून उघडतात, एकेका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी भोगावतीत येतं. तरी दरवर्षी पावसाळ्यात धरणावर माणसं जागी असतात, नदीकाठच्या गावांना निरोप जातात. वीजवाहिनीचंही तसंच आहे.

(दृश्य : हातमोजे, हेल्मेट, सेफ्टी बेल्ट. डिस्चार्ज रॉड तारेला लावला जातो.)

नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर लाईन बंद दिसली, म्हणून कुणी तिला हात लावत नाही. परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी घ्यायची, एबी स्विच (लाईन तोडणारा खांबावरचा स्विच) उघडून लाईन तुटलीय हे डोळ्यांनी बघायचं, तारेत वीज नाही ना हे तपासायचं, कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचं, म्हणजे तार जमिनीशी जोडायची, मगच चढायचं. एखाद्याचा जनरेटर चुकीचा जोडलेला असेल, तर बंद लाईनीत उलटा प्रवाह येतो आणि घात करतो. आता छपराछपरावर सोलर पॅनेल बसताहेत. ग्रीड बंद पडलं की सोलरचा इन्व्हर्टरही बंद पडावा, अशीच त्याची रचना असते. पण परक्या घरातल्या वायरिंगच्या भरवशावर आपला जीव टांगायचा नसतो. यंत्रं वाढतील तशी लाईनमनला लागणारी माहितीही वाढत जाणार आहे.

मला खरी काळजी वाटते ती इथं. शोधाशोधीचा वेळ वाचला, म्हणून माणसं कमी केली, तर एकेका लाईनमनच्या वाट्याला आणखी गावं येतील. रोजच्या दिवशी ते निभेलही, पुराच्या आठवड्यात निभणार नाही.

दुसरी गोष्ट संगणकाच्या शिकण्याची. कोणत्या वळणावरचं झाड पश्चिमेच्या वाऱ्यात लाईनवर झुकतं, हे आज लाईनमनच्या डोक्यात आहे. प्रत्येक बिघाडाचं खरं कारण त्यानं ॲपमध्ये नोंदवलं, तरच यंत्राला पुढचा अंदाज बांधता येईल. घाईत सगळीकडं ‘फांदी पडली’ एवढंच लिहिलं गेलं, तर संगणक तेच शिकेल. ही नोंद म्हणजे कौशल्याचं काम आहे. तिच्यासाठी कामाच्या तासांत वेळ द्यायला हवा, आणि पगारात किंमतही.

(दृश्य : आयटीआयची कार्यशाळा. सरावाच्या खांबावर चढणारी मुलं.)

2023 च्या अखेरीस महावितरणनं विद्युत सहाय्यकाच्या 5347 जागांची जाहिरात काढली. त्यासाठी लागतं दहावी आणि इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा आयटीआय. तीन वर्षं मानधनावर काढल्यावर तंत्रज्ञ होता येतं. ड्रोन नियम 2021 प्रमाणे ड्रोन पायलटच्या प्रमाणपत्रासाठी वय 18 पूर्ण आणि शिक्षण दहावी पास लागतं. म्हणजे शिक्षणाच्या बाबतीत गावातला लाईनमन त्या प्रशिक्षणाला आजच पात्र आहे. ड्रोन बाहेरच्या कंपनीनं उडवायचा आणि खांबावर तेवढं यानं चढायचं, अशी वाटणी करायची काही गरज नाही. रिले (बिघाड ओळखून ब्रेकर उघडायला लावणारं उपकरण), रिंग मेन युनिट (केबलच्या जाळ्यातली स्विचपेटी), ड्रोन, सोलर हे सगळं त्याला शिकवता येतं. आणि ते कंत्राटी कामगारालाही शिकवलं पाहिजे, कारण खांबावर चढणाऱ्यांत तोही असतो.