सम्राटाचा शिष्य आणि निळे-हिरवे डोंगर

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'चिनी निसर्गचित्रात रंग मोठा की शाई', आणि तिथे मी येणारच आहे, पण आधी मला एका पोराबद्दल बोलू द्या, कारण त्याच्याबद्दल जे काही सांगितलं जातं ना, त्याचा मला मनापासून त्रास होतो. ते चित्र तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मोबाईलवर पाहिलेलं असणार. रेशमी कापडावरची गुंडाळी, जवळजवळ 12 मीटर लांब, उंची जेमतेम अर्धा मीटर, निळे-हिरवे डोंगर आणि मध्ये पाणीच पाणी. 'हजार ली नद्या-डोंगर', ली म्हणजे अंतर मोजायचं चिनी माप. साल 1113, चित्रकार वांग शीमंग, वय 18.

वय ऐकलं की लोक लगेच सुरू होतात, बाप रे, अठरा, दैवी देणगी, जन्मजातच असावं लागतं. पुढे लगेच, बिचारा लवकर गेला. नेटवर तर अशीही गोष्ट फिरते की त्याने नंतर उपाशी प्रजेचं चित्र काढलं आणि सम्राटाने त्याचा जीव घेतला. याला काडीचा आधार नाही हो! तो विशीत वारला हे पण पाचेकशे वर्षांनी छिंग काळातल्या एका जाणकाराने लिहिलं, आणि 'वांग' हे आडनाव तेसुद्धा तेव्हाचंच. त्याच्या काळातला पुरावा एकच, चित्राला जोडलेली त्साय जिंगची टीप. हा त्साय जिंग सम्राटाचा मुख्य मंत्री, इतिहासात अतिशय बदनाम माणूस, पण अक्षर बघत राहावं असं.

आता टीपेत काय आहे ते नीट ऐका. शीमंग अठरा वर्षांचा, आधी राजाच्या चित्रशाळेत विद्यार्थी होता, मग राजवाड्यातल्या दफ्तरखान्यात घेतला. तिथून तो बरीच चित्रं दाखवायला पाठवायचा आणि ती काही खास नव्हती. हो, असं स्पष्ट लिहिलंय! पण सम्राटाला वाटलं पोरगा शिकवण्यासारखा आहे, म्हणून त्याने स्वतः शिकवायला घेतलं, आणि सहा महिने व्हायच्या आत हे चित्र पुढे आलं. सम्राट खूश झाला, त्याने ते त्साय जिंगला देऊन टाकलं आणि वर म्हणाला की जगात गुणी माणसं घडवावीच लागतात, बाकी काही नाही.

म्हणजे एवढ्या एका टीपेत गुरू आहे, मेहनत आहे, आधीची फसलेली चित्रं आहेत, आणि आपण त्यातलं वय तेवढं उचललं. मी इतकी वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, पालक यायचे आणि पोरासमोरच म्हणायचे, मॅडम, आमच्या ह्याच्या हातात कलाच नाही. ते पोर तेव्हापासून पेन्सिल अशी धरायचं जशी कोणाची तरी मागून आणलीय. आणि परीक्षा जवळ आली की पहिला तास चित्रकलेचा जायचा, गणिताला. का, तर कला काय, येणाऱ्याला येतेच. मागच्या रांगेतले मान हलवतायत बघा, त्यांचे पण तास गेलेले दिसतात!

बरं, हा गुरू कसा होता? सम्राट हुइझोंग, स्वतः चित्रकार, राज्य 1127 मध्ये घालवलं आणि कैदेत मेला ते वेगळं, पण शिकवायचा कसा ते ऐका. बाराव्या शतकात चित्रकारांवर लिहिणाऱ्या दंग छुनने हे लिहून ठेवलंय. राजवाड्यात लिचीच्या झाडाला फळं लागली, सम्राट हरखला, योगायोगाने खाली मोर फिरत होता, लगेच दरबारी चित्रकारांना बोलावलं, काढा म्हणाला. सगळ्यांनी जीव ओतला, पिसांचा झगझगाट. चित्रात मोर वेताच्या मोड्यावर चढतोय, उजवा पाय उचललेला. सम्राट म्हणाला, नाही जमलं. कोणाला कळेना काय चुकलं, आणि तो सांगेना! काही दिवसांनी पुन्हा बोलावून विचारलं, तरी सगळे गप्प. मग सांगितलं, मोर उंचावर चढताना आधी डावा पाय उचलतो. मोराच्या पायाचं खरंखोटं पक्षीवाल्यांनी ठरवावं, मला आवडतं ते मधले काही दिवस. त्याने उत्तर लगेच दिलं नाही, जा आणि बघून या असा वेळ दिला.

तिथलीच दुसरी गोष्ट. नव्या महालाच्या भिंती मोठमोठ्या लोकांनी रंगवल्या, सम्राट काही न बोलता फिरला आणि खांबाच्या वरच्या कोपऱ्यातल्या एका गुलाबाच्या फांदीपाशी थांबला. कोणी काढलं? एक नवखा पोरगा. त्याला बक्षीस. कारण गुलाबाची फुलं-पानं ऋतूप्रमाणे आणि सकाळ-संध्याकाळ बदलतात, आणि याने वसंतातली भर दुपार चुकवली नव्हती. अशा माणसाच्या हाताखाली सहा महिने म्हणजे काय असतील विचार करा.

चिठ्ठी आलीये, दहा मिनिटं. मग रंग आणि शाई पटकन घेते.

हा निळा-हिरवा प्रकार तांग काळापासूनचा, म्हणजे हुइझोंगच्याही आधीच्या राजवटीतला, चित्रकार ली सशुनचं नाव त्यात मोठं. निळा ॲझुराइटचा, हिरवा मॅलाकाइटचा, दोन्ही तांब्याची खनिजं. जाडसर दळलं की गडद, बारीक दळलं की फिकं, सरसात कालवून थरावर थर. थर जाड असल्याने गुंडाळी उघडताना-मिटताना रंगाचे कण सुटतात, म्हणून ती क्वचितच उघडतात. 2017 ला बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात पूर्ण लांबी मांडली होती.

दुसरं, आपण फोटोत अख्खं चित्र एकदम बघतो, ते तसं बघायचं नसतं. उजवीकडून हातभर उलगडायचं, मागचं गुंडाळायचं. ग्वो शी, हुइझोंगच्या आधीच्या पिढीतला चित्रकार, त्याने डोंगर बघायची तीन अंतरं सांगितलीत: पायथ्यावरून शिखराकडे, समोरून डोंगराच्या पाठीकडे, आणि जवळून लांब क्षितिजाकडे. शीमंगचा डोंगर अंगावर येतो, सरकवलं की पाणी पसरतं, मग लांब पूल येतो, पुलाच्या मधोमध दुमजली मंडप, त्यात मुंगीएवढी माणसं. आणि पाणी मोकळं सोडलेलं नाही, लाट लाट रेघेने काढलीय.

आणि रंग मोठा की शाई हा वाद पुढे मिंग काळातल्या दोंग छीछांग या चित्रकार-टीकाकाराने पक्का केला. त्याने चित्रकारांच्या दोन शाखा पाडल्या, शाईवाले विद्वान दक्षिणेचे, रंगवाले दरबारी उत्तरेचे, आणि मान दिला शाईला. तेव्हापासून रंग म्हणजे कारागिरी असा समज बसला तो बसला. पण शीमंगने आधी सगळे डोंगर शाईने काढले, पोत शाईने दिला, मग गेरू, त्यावर हिरवा, शेवटी निळा. घरी गेल्यावर चित्र झूम करा आणि शिखरं सोडून डोंगरांचे पायथे बघा, तिथे निळा-हिरवा विरत जातो, गेरू उरतो आणि शाईची रेघ दिसते. आता याला दक्षिणेत टाकायचं की उत्तरेत, ते दोंग छीछांगच्या बाजूचं कोणी असेल तर त्याने आधी हात वर करावा, पहिला प्रश्न त्याचा.