सरपणाखालची शेतं

नमस्कार श्रोतेहो. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या खेड्यांत सरपण जमिनीतून खणून काढतात. दलदलीत हजारो वर्षं धड न कुजता साठत गेलेल्या शेवाळ-गवताचा तो थर. तिथले लोक त्याला टर्फ म्हणतात. स्लान नावाच्या फावड्यानं त्याच्या ओल्या विटा कापायच्या, वाऱ्यावर सुकवायच्या आणि हिवाळाभर जाळायच्या. गोवऱ्या थापणाऱ्यांना यातली मेहनत सांगायला नको!

टर्फ शोधावा लागत नाही, तो पायाखालीच असतो. शोधावे लागतात ते त्यात बुडालेले जुन्या पाइन वृक्षांचे बुंधे. त्यांत राळ भरपूर, त्यामुळे गरिबाघरी त्यांच्या ढलप्या दिव्यासारख्या जाळत. जुनी माणसं सांगत, पहाटे जाऊन दव बघा. खाली ओंडका असेल, तर वर दव धरत नाही. मग लांब लोखंडी सळई खुपसून खात्री करायची. दवाचं कोणी मानो न मानो, सळई खोटं बोलत नाही. अशा घरगुती आठवणी जपायला आयरिश लोककथा आयोगानं 1937 ते 1939 या काळात शाळकरी पोरांनाच कामाला लावलं: आजी-आजोबांना विचारा आणि वहीत उतरवा. सरकारी योजना इतकी शहाणी क्वचितच असते.

त्याच दशकात मेयो परगण्यात, बेल्डेरिगला, पॅट्रिक कॉलफिल्ड हे शाळामास्तर टर्फ कापत होते. खाली दगड लागले, तेही रचल्यासारखे. दलदलीच्या तळाशी आहेत म्हणजे ते दलदलीच्याही आधीचे, हे मास्तरांनी ताडलं. पुढे त्यांचा मुलगा शेमस पुरातत्त्वज्ञ झाला आणि त्यानं हत्यार घेतलं ते गावातलंच, ओंडके शोधायची सळई! ती खुपसत जायचं. जिथं लवकर अडेल तिथं दगडी बांध. फारसं न खणता मैलोन्मैल बांधांचा नकाशा उभा राहिला. आज ती जागा केजे फील्ड्स म्हणून ओळखली जाते. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे बांध पाच हजारांहून अधिक वर्षांचे. शेताखाली इंधन शोधणाऱ्यांना इंधनाखाली अख्खी शेतं सापडली.

आता टर्फवर निर्बंध आलेत. ऑक्टोबर 2022 पासून तो दुकानांत आणि ऑनलाइन विकायला बंदी आहे. घरच्या चुलीपुरता कापायचा हक्क ज्यांच्याकडे पिढीजात आहे, त्यांना मात्र सूट मिळाली. तीही संसदेत चांगलीच खडाजंगी झाल्यावर.