ग्लासह्यूट: चालू घड्याळ खोलून परत जोडणारं गाव

तर मंडळी, आपण आहोत जर्मनीत, सॅक्सनीमध्ये. ड्रेस्डेनहून दक्षिणेला डोंगरात शिरलं की ग्लासह्यूट नावाचं छोटंसं गाव लागतं आणि गावभर घड्याळांचे कारखानेच, ग्लासह्यूट ओरिगिनाल, नोमोस, आणि आज आपण जिथे शिरतोय ते ए. लांगे उंड झोने.

आधी गावाबद्दल थोडं. इथल्या डोंगरातल्या चांदीच्या खाणी संपल्या आणि लोक कंगाल झाले. मग १८४५ मध्ये फर्डिनांड अडॉल्फ लांगे नावाचा ड्रेस्डेनचा घड्याळजी सरकारकडून कर्ज घेऊन इथे आला आणि १५ पोरांना शिकवायला लागला. पुढे शंभर वर्षं धंदा चालला, आणि ८ मे १९४५ ला, म्हणजे युद्धाच्या अगदी शेवटच्या दिवशी, कारखान्यावर बॉम्ब पडले. उरलंसुरलं १९४८ मध्ये तिथल्या कम्युनिस्ट राजवटीने ताब्यात घेतलं, कंपनीचं नावच पुसलं गेलं. लांगेंचा पणतू वाल्टर जर्मनीच्या पश्चिम भागात पळाला आणि बर्लिनची भिंत पडल्यावर ६६ व्या वर्षी परत आला, ७ डिसेंबर १९९० ला कंपनी पुन्हा रजिस्टर केली, १९९४ मध्ये पहिली चार घड्याळं लोकांसमोर ठेवली. ६६ व्या वर्षी शून्यातून! मला तर या माणसाचं फार कौतुक वाटतं.

आता आत चला. टेबलं बघा किती उंच आहेत, जवळजवळ छातीपर्यंत, म्हणजे कोपर टेकवता येतो आणि हात हलत नाही. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, बोटांना रबरी टोप्या. टोप्या का, तर घड्याळाच्या आतल्या मशीनच्या प्लेट जर्मन सिल्व्हरच्या असतात, तांबं, निकेल आणि जस्त, नावात सिल्व्हर असलं तरी चांदी अजिबात नाही. त्यावर कसलाही मुलामा देत नाहीत, त्यामुळे उघडं बोट लागलं की ठसा उमटलाच समजा.

इथली खासियत म्हणजे तीनचतुर्थांश प्लेट. चाकांसाठी वेगवेगळे ब्रिज, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, न देता बरीचशी चाकं एकाच मोठ्या प्लेटखाली, म्हणजे प्लेट बसवताना सगळ्या चाकांची टोकं एकाच वेळी आपापल्या माणकाच्या भोकात जायला हवीत. हो, माणिकच, आपल्या जुन्या एचएमटीवर १७ ज्वेल्स लिहिलेलं असायचं ना, तेच ज्वेल, कृत्रिम माणिक. चाकाला वरखाली हलायला जागा किती, तर मिलिमीटरचे काही शतांश. जास्त झाली की प्लेट काढा, ज्वेल किंचित सरकवा, परत बसवा, परत तपासा, असं कितीतरी वेळा.

एवढं करून घड्याळ चालू होतं, टाइम बरोबर देतं, आणि मग ते पूर्ण खोलतात! अगदी शेवटच्या स्क्रूपर्यंत. आधी वाटतं हे कशाला, पण कारण साधं आहे, काढघाल करताना ओरखडे पडतातच. म्हणून पहिली जोडणी फक्त चाल बसवायला, आणि फिनिशिंग त्यानंतर.

प्लेटवर रेघांचं डिझाइन, कडांना तिरका पॉलिश, तोही हाताने. स्टीलचे स्क्रू तापवून निळे करतात, रंग आधी पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास तो निळा येतो. क्षणभर उशीर झाला की रंग पुढे निघून जातो, स्क्रू बाद. आणि बॅलन्स व्हीलला, म्हणजे मागेपुढे झुलून घड्याळाची चाल ठरवणाऱ्या चाकाला, धरून ठेवणारा छोटा ब्रिज असतो ना, त्यावर फुलांचं कोरीवकाम हाताने करतात, नमुना एक असला तरी प्रत्येकाची रेघ वेगळी, त्यामुळे कुठलं कोणी कोरलंय हे ते कारागीर नुसतं बघून सांगतात. हे बघत दिवसभर बसलो असतो मी.

मग धुऊन स्वच्छ केलेले सगळे पार्ट घेऊन दुसरी जोडणी, आता ते निळे स्क्रू लावून. लांगे वन या त्यांच्या फेमस मॉडेलमध्ये साडेतीनशेच्या वर पार्ट आहेत, तेवढे सगळे परत. त्यानंतर डायल, काटे, केस म्हणजे बाहेरची डबी, आणि घड्याळ आडवं, उभं, उलटं, सगळ्या बाजूंनी ठेवून चाल तपासतात. काही चुकलं तर परत टेबलावर. किंमत लाखांत जाते, आणि हे टेबल बघितल्यावर मला तरी ती जास्त वाटली नाही.