आटलेली वाट

(पडद्यावर: पहाटेचा शिवसागर, कोयना धरणाचा जलाशय. आवाज फक्त वाऱ्याचा.)

पाटणच्या खोऱ्यात मांडणीवरची भांडी किणकिणली की घरातलं कुणीतरी ‘झाला’ एवढंच म्हणतं. काय झाला, ते कुणी विचारत नाही.

आता जी मोहीम तुम्ही बघणार आहात ती आम्ही रचलेली आहे. ती माणसं कधी नव्हती. पण ज्या जमिनीवर आम्ही त्यांना उभं केलंय ती जमीन खरी आहे, तिच्या पोटातले दगड खरे आहेत आणि त्यांना वर घेऊन गेलेला प्रश्नही खरा आहे.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कोयनेचं पाणी अडलं. धरण १०३ मीटर उंच. पाणी चढू लागलं तसे बारीक हादरे जाणवू लागले. मग ११ डिसेंबर १९६७ची पहाट. माणसं साखरझोपेत होती. ६.३ तीव्रतेचा धक्का बसला, कोयनानगरची घरं खाली आली आणि किमान १७७ माणसं गेली. साठवलेल्या पाण्याचा भार आणि भेगांमधून खोल उतरणारा त्याचा दाब, यांनी आधीच ताणात असलेला खडक सरकतो, असं शास्त्रज्ञ सांगतात. इतकी वर्षं झाली, तरी धक्के थांबलेले नाहीत.

म्हणून इथे जमिनीला भोकं पाडली गेली. गोठण्याला २०१७ साली तीन किलोमीटर खोल विवर पुरं झालं. कराडला त्यासाठी खास प्रयोगशाळा आहे. सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, थरावर थर. त्याच्याखाली एकदम ग्रॅनाइट, कितीतरी पटींनी जुना. दोघांच्या मधे वाळूचा किंवा गाळाचा थर नाही. मधला अफाट काळ दगडातून पुसूनच गेलाय. आमची गोष्ट त्या जागी सुरू होते.

(पडद्यावर: जांभ्याचा सडा, डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळ. वाळलेलं गवत, मधे कारवी.)

पाच माणसं, एक ड्रिल मशीन आणि डिझेलची पिंपं. प्रमुख होत्या एक भूशास्त्रज्ञ, सगळे त्यांना बाई म्हणायचे. सदुसष्ट साली त्या सात वर्षांच्या होत्या. त्यांच्या घरातून दोघंच बाहेर आले. मशीनवर कराडचे मिस्त्री, हाताखाली दोन पोरं आणि नोंदी ठेवायला एक नुकतीच एम.एस्सी. झालेली मुलगी. सड्याखालच्या वाडीतले एक मामा रोज दूध घालायला वर यायचे. ऐनाच्या झाडापासून छावणीपर्यंत अकराशे चाळीस पावलं, हे त्यांनीच मुलीला सांगितलं होतं. किटली डुचमळू नये म्हणून ते पावलं मोजत चालायचे.

बोअर मारताना खडकाचा जो गोल दांडा नळीतून वर येतो त्याला कोअर म्हणतात. जितकं खोदलं तितका कोअर आला, तर रिकव्हरी शंभर टक्के. सहसा कमीच येते, कारण थोडा खडक बिटखाली, म्हणजे ड्रिलच्या कापणाऱ्या टोकाखाली, चुरून जातो. एखाद्या वेळी शंभराच्या वरही जाते, कारण मागच्या खेपेचा तुटका बुंधा खालीच राहिलेला असतो आणि तो पुढच्या नळीत चढतो. ड्रिलवर काम केलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं.

त्यामुळे १,४१२ मीटरवर रॉडवरची खूण २ मीटर ६० सांगत असताना तीन मीटरची नळी काठोकाठ भरून आली, तेव्हा मिस्त्री म्हणाले, “मागचं राहिलं असंल.” दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. तिसऱ्या खेपेला मिस्त्रींनी सगळे रॉड बाहेर काढून एकेक मोजला. रॉड बरोबर होते.

बाईंनी दुसरी शंका काढली. खोल खडकावर फार ताण असला की वर येताना कोअरच्या चकत्या पडतात, त्यांच्या फटींमुळे लांबी वाढलेली दिसते. मग वजन करू. खालच्या गुऱ्हाळातला गुळाचा काटा वर आणला. वजनही जास्त भरलं. भोकातून भोकापेक्षा जास्त दगड निघत होता.

त्याच आठवड्यात मामा किटली टेकवून म्हणाले, “बाई, तुमची वाट आटलीया.”

दूध चुलीवर आटतं तसं. अकराशे चाळीसची अकराशे तेहतीस झाली होती. बाईंनी टेप लावला. मामांचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी अकराशे दोन, मग हजाराच्या आत. झाडं होती तिथेच दिसत होती, दगड होते तिथेच होते, कुठे भेग नाही की खचलेलं नाही. फक्त मधलं अंतर कमी झालेलं. खाली खोदकाम चालू असलं की वाट आटायची, मशीन बंद असलं की थांबायची.

म्हणजे थांबता येत होतं. गोष्ट लिहिताना आम्ही सगळ्यात जास्त वेळ या एका वाक्यापाशी बसलो. बाईंनी का थांबवलं नाही? त्यांच्या वहीतलं शेवटचं पान आम्ही असं लिहिलं: “जमीन का हलली हे जमिनीलाच विचारायचं, म्हणून मी आले. आता ती उत्तर देतेय आणि ते मला वाचता येत नाही, एवढंच.” मला हे वेड वाटत नाही. साठ वर्षांची होत आलेली ती बाई अजून त्या पहाटेच्या अंगणातच उभी आहे, असं वाटतं. पण त्या दोन पोरांना तरी त्यांनी खाली धाडायला हवं होतं. तेवढं मी त्यांना माफ करू शकत नाही.

(पडद्यावर: कोअर बॉक्स. लाकडी खण, प्रत्येकावर खडूने मीटर.)

बाजारादिवशी मुलगी भरलेले बॉक्स जीपमध्ये घालून कराडच्या गोदामात ठेवायला गेली. निघताना मिस्त्रींनी येताना तंबाखू आणायला सांगितलं. त्या दिवशी वाट तीनशे साठ पावलं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि मामा ऐनापाशी पोचले. पुढचं पाऊल टाकलं आणि ते सड्याच्या पलीकडच्या अंजनीच्या झाडापाशी पडलं. मागे वळले, पुन्हा एक पाऊल, पुन्हा ऐन. छावणी मधे असायला हवी होती, पण ऐन आणि अंजनी यांच्यात ‘मधे’ असं काही उरलंच नव्हतं.

मशीन मात्र ऐकू येत होतं. पायाखालून, लांबून, पण चालू. मुलीने डिझेलचा हिशेब केला, नऊ दिवस पुरण्याइतकं होतं. गावकरी आले, पोलीस आले, दोरखंड आले. मुलगी नऊ दिवस ऐनाखाली बसून होती आणि मामा रोज तिथे दूध घेऊन येत होते, पाच जणांचं. नवव्या रात्री आवाज थांबला.

गोदामात तिने शेवटचा बॉक्स उघडला. खणावर मिस्त्रींच्या हातचं अक्षर, १,४३८ मीटर. तिथे ग्रॅनाइट हवा होता. खणात चाळीस सेंटीमीटर तांबडी माती होती, वर जांभ्याचे खडे, आणि त्यातून आरपार गेलेलं कारवीचं ओलं मूळ.

(पडद्यावर: पावसाळ्यानंतरचा सडा. एका बाईची पाठमोरी आकृती, हातात टेप.)

ती आता कराडलाच असते. दर दिवाळीला सड्यावर जाते आणि ऐनापासून अंजनीपर्यंत चालून बघते. मामा थकले, आता वर चढत नाहीत, ती खाली उतरली की ओट्यावरून तेवढंच विचारतात, “किती?”

इतकी वर्षं उत्तर ‘एक’ होतं. यंदा तिने टेप दोनदा लावला, मग टेप ठेवून मामांसारखी पावलं मोजली.

ओट्यापाशी येऊन ती म्हणाली, “चार, मामा. तिसऱ्या पावलाला कारवी उगवलीय.”

मामा आत गेले आणि किटली शोधू लागले.