जनरल थोरातांचा कागद

श्रोतेहो, नमस्कार. वडगावचा मुलगा सँडहर्स्टला शिकला, ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळवून आला आणि पुढे लेफ्टनंट जनरल झाला. शंकरराव थोरात. आपल्या कोल्हापूरचे. तालमीतल्या मल्लांची नावं आपल्याला तीन पिढ्यांची पाठ, यांचं नाव मात्र आठवावं लागतं. असो.

थोरातांचं इंग्रजी आत्मचरित्र १९८६ साली आलं. निवृत्त साहेबांची आत्मचरित्रं म्हणजे बदल्या, मेजवान्या आणि पदकं. एरवी मी ती चाळून ठेवून देतो. हे ठेववलं नाही, ते एका कागदामुळं.

ऑक्टोबर १९५९. थोरात लखनौला, पूर्व विभागाच्या सैन्याचे प्रमुख. त्यांनी लेखी कळवलं की चीन नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, घुसू शकतो आणि आपलं बळ तिथं अपुरं आहे. अगदी सरहद्दीवर जाऊन लढू नका, मागं पाय रोवा, म्हणजे शत्रूची रसद लांबेल आणि आपली हाताशी राहील. लष्करप्रमुख थिमय्यांनी तो कागद संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढं ठेवला. मेनननी तो झटकून टाकला. त्यांच्या लेखी ही उगाच घाबरवण्याची भाषा होती.

थोरात थांबले नाहीत. १७ मार्च १९६० ला लखनौतच ‘लाल किला’ नावाचा सराव घेऊन त्यांनी हल्ला कसा होईल आणि आपलं काय काय पडेल, ते मांडून दाखवलं. आधी कागद, मग सराव. दोनदा सांगितलं, श्रोतेहो, दोनदा! १९६१ मध्ये थिमय्यांनी आपल्या जागी थोरातांचं नाव सुचवलं, झाले थापर. थोरात निवृत्त झाले.

आणि २० ऑक्टोबर १९६२ ला चीन उतरला. ठाणी पडत गेली. तेव्हा कुठं नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावून घेतलं. तो जुना कागद अखेर पंतप्रधानांच्या हाती आला. वाचून त्यांनी विचारलं, हा मला का दाखवला नाही? थोरातांनी सांगितलं, ते मेननना विचारा. तीन वर्षं जुना कागद, दिल्लीतल्या दिल्लीत, आणि पंतप्रधानांनी पाहिलेला नाही! आपल्या कचेऱ्यांत सातबाऱ्याचा अर्ज अडकतो, त्याचं मग काय घेऊन बसलात.

एक मात्र बोललं पाहिजे. पुस्तक आलं तेव्हा नेहरू, थिमय्या, मेनन, तिघंही हयात नव्हते. उलट उत्तर द्यायला कुणी उरलंच नव्हतं. वर्दीत असताना थोरात वरिष्ठांशी बोलले, वर्तमानपत्रांशी नाही. मला ते पटतं. पण निवृत्तीनंतर एवढी वर्षं थांबायला नको होतं. आणि सरकारचं म्हणाल, तर त्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल त्यानं आजवर अधिकृतपणे खुला केलेला नाही.

कोरियात १९५३ साली खवळलेल्या चिनी युद्धकैद्यांच्या गराड्यात निःशस्त्र शिरून आपला अधिकारी सोडवून आणणारे ते हेच थोरात. पण तो किस्सा पुढच्या खेपेला. नमस्कार.